उपकेंद्रास वाहन मिळणेबाबत

आई,

तू मला लिहिलेले पाच अर्ज अजून माझ्याकडे आहेत. घरच्या पत्रांत नाहीत, माझ्या खासदारकीच्या फायलींत आहेत, कारण तू ते तसेच लिहिले होतेस. 'प्रति, माननीय खासदार महोदया, मुक्काम टेमघर, भिवंडी. विषय : उपकेंद्रास वाहन मिळणेबाबत.' शेवटी तुझी सही, सहीखाली 'सहायक परिचारिका' आणि उपकेंद्राचा जांभळा शिक्का. जिने मला कानाला धरून बाराखडी गिरवायला लावली, ती बाई मला महोदया म्हणते आणि 'आपली विश्वासू' म्हणून खाली नाव लिहिते. पहिला अर्ज वाचून मला हसू आलं होतं. पाचवा मी पूर्ण वाचलाही नव्हता, मजकूर पाठ झाला होता म्हणून. आज वाचला. मजकूर जवळपास तोच आहे, फक्त ज्या बायांना बाळंतपणासाठी भिवंडीला न्यावं लागलं त्यांची यादी दर वेळी लांबत गेली आहे.

तुला तुझं ते उपकेंद्र आठवत असेलच, मलाही ते आपल्या घरापेक्षा जास्त स्पष्ट आठवतं. बाबा गेल्यावर मी वकिलीच्या परीक्षा देत होते आणि शनिवारी कॉलेज सुटलं की भिवंडीच्या स्टँडवरून वज्रेश्वरीची एसटी पकडून तुझ्याकडे यायची. अकलोलीला उतरायचं, कुंडांवर आंघोळीला आलेल्यांच्या गर्दीतून वाट काढायची, मग नदीवरची फरशी, तो बुटका पूल, ओलांडून पलीकडे दोन मैल चालायचं. भाड्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, तपासायची खाट आणि लसींचा डबा, मागच्या खोलीत तू. एकच स्टोव्ह. त्यावर आधी काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळायच्या, मग त्याच स्टोव्हवर चहा, मग भात. "सुयांचं पाणी ओतलंस का ग? नायतर चहातच टाकशील," असं तू दर वेळी म्हणायचीस. दारात कुणीतरी उभं असायचंच. "नर्सबाय, सुनंच्या पोटात दुखतंय, येतंस काय?" तू पदर खोचून निघायचीस आणि मी कंत्राटाच्या कायद्याचं पुस्तक बाजूला ठेवून भात उतरवायची.

त्या वर्षांत तू कशाला घाबरत नव्हतीस. सापाला नाही, दारू पिऊन आलेल्या नवऱ्यांना नाही. घाबरायचीस फक्त मार्च महिन्याला. नसबंदीच्या केसेसचं टार्गेट मार्चअखेर पुरं करावं लागे. मासिक मीटिंगमध्ये साहेब सगळ्या सिस्टरांना एका ओळीत उभं करून आकडे विचारायचे. बाळंतपणं किती सुखरूप झाली हे कुणी विचारायचं नाही. मीटिंगहून परत आलीस की तू पायसुद्धा न धुता बसून राहायचीस. मी तेव्हा चिडून म्हणायची, "तू उलट का बोलत नाहीस?" तू म्हणायचीस, "तू वकील झालीस की बोल." मी ते फार मनावर घेतलं, आई. कदाचित तू म्हणाली होतीस त्यापेक्षा जास्त.

वकील झाले, भिवंडीच्या कोर्टात उभी राहिले, लूमवर हात तुटलेल्या कामगारांच्या केसेस लढले, पक्षात गेले. आणि नव्वदीच्या सुरुवातीला पक्षाने मला राज्यसभेवर पाठवलं. विहारात सत्कार झाला, टेमघरमध्ये फटाके वाजले. मी तुला समजावून सांगितलं की मला लोकांनी थेट निवडून दिलेलं नाही, आमदारांच्या मतांवर गेले आहे, त्यामुळे माझा असा मतदारसंघ नाही आणि माझं काम मुख्यतः देशपातळीवरच्या धोरणांचं आहे. तू सुकट निवडत होतीस. मान वर न करता विचारलंस, "म्हणजे इथलं काम सांगायचं नाय?"

मी म्हणाले, "सांगायचं ना. पण..."

"मग झालं तर," तू म्हणालीस.

इथलं काम सांगायला लोकांना माझ्या 'पण'ची गरज नव्हतीच. दर रविवारी आपल्या पुढच्या खोलीत रांग लागायची. कुणाला टेलिफोन पाहिजे, कुणाला गॅसचं कुपन, कुणाच्या मुलीची बदली, कुणाच्या गल्लीत पाणी नाही, कुणाच्या लूमला वीज पुरत नाही. कोन गावाहून एक गृहस्थ यायचे, त्यांना फक्त रस्त्यावरचा एक खड्डा बुजवून हवा होता आणि तो मी बुजवू शकले नाही. सूत परदेशी जाऊन इथं महाग होतं, त्यावर मी सभागृहात बोलले होते, पण रांगेतल्या एकानेही त्याबद्दल विचारलं नाही. रस्ता बांधकाम खात्याचा, पाणी नगरपालिकेचं, दवाखाना जिल्हा परिषदेचा. माझ्याकडे होतं लेटरहेड. मी पत्र लिहायची आणि लोक ते पत्र घडी करून खिशात ठेवून, काम झालंच अशा चेहऱ्याने जायचे. मला त्यांच्या त्या विश्वासाचाच राग यायला लागला होता.

अशाच एका रविवारी मी मान वर करते तर रांगेत बाकावर तू. एसटीतून उतरून थेट आलेली, पांढरी साडी, मांडीवर पिशवी, एका लूम मालकाच्या आणि एका म्हातारीच्या मध्ये बसलेली. मी म्हणाले, "आई, आत जा ना, इथे काय बसलीस?"

"माझा नंबर येऊ दे."

"अगं, घरात सांग की."

"घरात सांगितलं तर तू हो हो म्हणशील आणि विसरशील. मी आई म्हणून आलेली नाय. उपकेंद्राची सिस्टर म्हणून आलेय."

लोक हसले. मीही हसले. तुझा नंबर आल्यावर तू उभी राहिलीस, अर्ज दिलास, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर माझी सही घेतलीस, मग आत जाऊन रांगेतल्या सगळ्यांसाठी चहा टाकलास. अर्जात लिहिलं होतं की पावसाळ्यात फरशीवरून पाणी गेलं की गाव तुटतं, एरवीही अडलेल्या बाईला न्यायला कापडाचा टेम्पो मिळाला तर मिळतो, तरी उपकेंद्रास एक जीप मिळावी. मी त्यावर 'शिफारस' लिहून अर्ज पुढे पाठवला. दोन महिन्यांनी उत्तर आलं की अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवण्यात आला आहे. संबंधितांनी कळवलं की उपकेंद्राला वाहन देण्याची तरतूद नाही, प्राथमिक केंद्राच्या जीपचा वापर करावा. प्राथमिक केंद्राची जीप डिझेल नाही म्हणून उभी होती. मी तुला हे सगळं सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "बरं. मी परत अर्ज करते."

मग ती श्रावणातली सकाळ. मी तिथे नव्हते, तू सांगितलंस तेवढंच मला माहीत आहे, आणि तू एकदाच सांगितलंस. कातकरी वाडीच्या अलीकडच्या घरातली ती पोर, दुसरं बाळंतपण. मूल झालं, रडलं, पण वार सुटेना आणि रक्त थांबेना. तू तिच्या नवऱ्याला फरशीकडे पळवलंस. फरशीवर घोट्याएवढं पाणी होतं. पलीकडे एक टेम्पो तागे भरून भिवंडीला निघाला होता, तो त्याने थांबवला आणि मागोमाग तुम्ही तिला झोळीतून तिथे आणलंत. ड्रायव्हर आझमगडकडचा, तो म्हणाला, "सिस्टर, पीछे माल भरा है, लिटाएँगे कहाँ?" आणि मग त्यानेच विचार केला आणि म्हणाला, "ताग्यांवरच झोपवा. माल खराब झाला तर शेठला मी बघतो." तुम्ही तिला कोऱ्या कापडावर झोपवलंत. तू तिचं पोट दाबून धरून बसलीस. अंबाडी नाक्यापर्यंत ती बोलत होती, मोठ्या मुलाला कोण भरवेल ते विचारत होती. भिवंडीच्या वेशीवरचा नदीनाका यायच्या आधी ती गेली. टेम्पो थांबला. तिचा नवरा मागे आला, तिच्याकडे बघितलं आणि तुला म्हणाला, "नर्सबाय, आता गाडी परत फिरवायची काय?"

हे सांगताना तू सुपात तांदूळ पाखडत होतीस. सांगून झाल्यावर तू तेच तांदूळ पुन्हा पाखडलेस.

मी दुसऱ्या दिवशी दिल्लीला गेले. तिथे लोकसंख्या धोरणावर चर्चा होती आणि पक्षाने मला बोलायला वेळ दिला होता. भाषण लिहून तयार होतं, आकडेवारीचं, समित्यांच्या अहवालांचं. मी उभी राहिले आणि तो कागद बाजूला ठेवला. मी तुझी सकाळ सांगितली. ताग्यांवर झोपवलेली बाळंतीण सांगितली, अंबाडी नाका सांगितला, नवऱ्याचं वाक्य सांगितलं. म्हणाले की या देशात सिस्टरला केसेसचा आकडा विचारतात, बाळंतीण दवाखान्यात कशाने न्यायची हे विचारत नाहीत. दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. एक ज्येष्ठ सदस्य बाहेर भेटून म्हणाले की फार वर्षांनी असं ऐकलं. मराठी वर्तमानपत्रांत माझा फोटो आला. मी त्यातलं एक तुझ्यासाठी जपून आणलं.

टेमघरला पोचले तेव्हा ते वर्तमानपत्र आधीच घरात होतं. त्याच्यावर एक कागद ठेवलेला होता, जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयातून आलेला. 'वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेल्या वृत्ताच्या अनुषंगाने' तुला खुलासा मागितला होता. सदर मातामृत्यूची नोंद विहित मुदतीत का कळवली नाही. रुग्णास वेळेत संदर्भित का केले नाही. तीन दिवसांत खुलासा न आल्यास शिस्तभंगाची कारवाई.

नोंद उशिरा गेली होती हे खरं होतं. ती बाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुला नसबंदीच्या शिबिरावर ड्युटी होती, आणि तिथून तुला सुटू दिलं नव्हतं.

मी चपलाही काढल्या नाहीत. "मी आत्ता फोन करते. मंत्र्यांनाच करते. यांना लाज वाटत नाही?"

तू स्टोव्हला पिन मारत होतीस. म्हणालीस, "तू मला विचारलंस का?"

"काय?"

"तिथं सांगायच्या आधी. मला विचारलंस का? तिच्या नवऱ्याला विचारलंस? गावात पेपर वाचतात बाळ. तिच्या सासूनं मला विचारलं, आमच्या सुनेचं दिल्लीला कोणी सांगितलं. काय सांगू मी तिला?"

"आई, मी तुझ्याच बाजूने बोलले."

"माझ्या बाजूनं तू बोललीस, आणि खुलासा मी द्यायचा." एवढं बोलून तू स्टोव्ह पेटवलास. तू आवाज चढवला नव्हतास. चढवला असतास तर मला भांडता आलं असतं.

खुलासा तू रात्रीच्या जेवणाआधीच लिहून टाकला होतास, फक्त मला दाखवायचा होता. वकील म्हणून. तू लिहिलं होतंस की वाहन उपलब्ध नव्हते, वाहनासाठी यापूर्वी तीन वेळा अर्ज केलेले आहेत, अर्जांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. नोंदीच्या विलंबाचं कारण शिबिराची ड्युटी. सगळं खरं होतं आणि साध्या भाषेत होतं. मी पेन घेतलं आणि वाहनाचं वाक्य खोडलं. प्रती जोडू नकोस म्हणाले. मी तुला सांगितलं की निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीत, वाद वाढवला तर पेन्शनच्या कागदांना त्रास देतील, विलंबाबद्दल दिलगिरी लिही आणि विषय मिटव. तू माझ्याकडे बघितलंस. "वकील म्हणून सांगतेस?" मी हो म्हणाले. तू नव्या कागदावर उतरवून काढलंस आणि सही केलीस.

अर्धं कारण पेन्शन होतं. उरलेलं अर्धं असं की त्या तिन्ही प्रतींवर माझी पोच होती. ज्या खासदाराने दिल्लीत बाकं वाजवून घेतली, तिच्याकडेच त्या जीपसाठी तीन अर्ज पडून होते, आणि अर्ज करणारी तिची आई होती, हे कुणाच्या हाती लागलं असतं तर दुसऱ्या दिवशी पेपरात वेगळा फोटो आला असता. तुला हे तेव्हाच कळलं होतं असं मला वाटतं. तुझ्या सेवापुस्तकात ताकीद लागली. पुढच्या वर्षी आरोग्य सहायिकेच्या पदासाठी तुझं नाव होतं, ते त्या ताकिदीवरून मागे पडलं आणि तुझ्याहून लहान बाई तुझी वरिष्ठ झाली. तू तिला पेढा दिलास.

मग खासदारांना आपल्या भागातली कामं सुचवायला निधी मिळू लागला. मी खूश होऊन पहिलं काम सुचवलं : उपकेंद्राला जीप. जिल्ह्याच्या ठिकाणी एक इंजिनिअर होते, सज्जन माणूस. ते नियमांची पुस्तिका उघडून म्हणाले, "मॅडम, वाहन यात बसत नाही. बांधकाम बसतं."

"मला बांधकाम नको. मला जीप हवी आहे."

"मागे जीपचा प्रस्ताव परत आला त्यात एक शेरा आहे बघा. वाहन ठेवण्याची सोय नाही. तर आपण आधी शेड बांधू. शेड झालं की तो शेरा निघेल, मग जीपची मागणी जोरात करता येईल."

आणि मी सही केली. आज कुणी मला हे सांगितलं तर मी हसेन, पण तेव्हा मला ते पटलं. सहा वर्षांत माझ्या सहीने प्रत्यक्ष उभी राहिलेली जी थोडी कामं आहेत, त्यात ते शेड आहे. सिमेंटचे खांब, वर पत्रे, दर्शनी बाजूला माझ्या नावाची पाटी. उद्घाटनाला प्राथमिक केंद्राची जीप डिझेल घालून आणली होती. तिला हार घातला, नारळ फोडला, जीप आत नेली, फोटो काढला आणि तासाभराने ती निघून गेली. गावातल्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "ताई, गाडी येतंय ना परत?" मी म्हणाले, "येणार." तू मागे बायांमध्ये उभी होतीस. सगळे गेल्यावर शेडमध्ये येऊन वर पत्र्यांकडे बघितलंस आणि म्हणालीस, "सावली बरी आहे. लसीच्या दिवशी बाया उन्हात उभ्या राहतात, त्या इथं बसतील." मला वाटलं तू टोमणा मारतेस. पण पुढच्या बुधवारी तू खरोखरच तिथे दोन सतरंज्या टाकल्यास. माझ्या मुदतीत जीप आली नाही. तुझा पाचवा अर्ज शेड बांधून झाल्यानंतरचा आहे. त्यात तू एक वाक्य वाढवलं आहेस : 'वाहन ठेवण्याची सोय झालेली आहे.'

माझी मुदत संपत आली त्या सुमारास नसबंदीची टार्गेटं सरकारने काढून टाकली. बोलणारे पुष्कळ होते, अहवाल होते, परिषदा होत्या. मी त्यातली एक. पण मी घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू हातातलं काम टाकून बसलीस. "म्हणजे आता मार्चला आकडा विचारणार नाय?" मी म्हणाले, नाही. तू म्हणालीस, "नवीन पोरी येतील त्यांना तरी बरं." तुझी नोकरी चार महिने उरली होती. ते एकच काम मी केलं असं मला सांगता येतं, आणि त्यात माझा वाटा किती हे मला ठरवता येत नाही. जीप मला आणता आली नाही आणि देशाचं धोरण बदलताना मी तिथे होते. या दोन गोष्टी मी शेजारी ठेवून बघते तेव्हा अभिमान वाटायच्या आधी चीडच येते. अजून येते.

तू निवृत्तीनंतर फार जगली नाहीस. टेमघरच्या घरात, सकाळी, चहा गाळता गाळता गेलीस. विहारात शोकसभा झाली. मला वाटलं होतं आपले लोक असतील, पण अकलोलीच्या पलीकडून तुझ्या गावच्या बाया आल्या होत्या, एसटीने, कडेवर पोरं घेऊन, आणि मागच्या बाजूला भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढे पक्षाचे लोक, नगरसेवक, दोन माजी आमदार. मला बोलायला सांगितलं. मी काही ठरवलं नव्हतं. इतकी वर्षं माइकसमोर उभं राहून जी वाक्यं आपोआप तोंडात येतात त्यांतलंच एक आलं. मी म्हणाले, "माझी आई इतकी स्वाभिमानी होती की मी खासदार असतानाही तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

पुढच्या रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या. एकाने डोळे पुसले. मागे बसलेल्या बायांपैकी एकीने दुसरीकडे बघितलं. मला ते दिसलं आणि तरी मी वाक्य दुरुस्त केलं नाही, त्याच्यापुढचं वाक्य बोलले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे यावर शिक्का नको की पोच नको. एवढंच सांगायचं होतं, की ते वाक्य बोलत असताना, आई, ते मला खरंच वाटत होतं.